साठातले पाच : तत्त्वज्ञान हा विषय आपल्या मुलांनी घ्यावा काय?

तत्त्वज्ञान हा विषय पदवीला घ्यावा की घेऊ नये, आणि घ्यायचाच तर मुख्य विषय म्हणून घ्यावा की जोडविषय म्हणून, हा प्रश्न वरवर पाहता प्रवेश-अर्जातल्या एका रकान्याचा आहे. पण ज्या घरातून पदवीपर्यंत पोहोचणारा पहिलाच माणूस तो अर्ज भरीत असतो, त्या घरात कोणताच रकाना साधा नसतो. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हा विषय शिकवतो. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे; बोलण्यात अजून नगरच येते.) माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. आईबाप ऊसतोडीला जात. मी प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने अर्जावर नजर टाकून सांगितले होते, "हा तुमच्या उपयोगाचा विषय नाही, इतिहास घ्या." त्याच्या मनात वाईट काही नसावे. पण 'तुमच्या' या एका शब्दात फार मोठा इतिहास होता, आणि तो शिकायला मला वेगळा विषय घेण्याची गरज नव्हती.

आज तोच प्रश्न माझ्यापुढे विद्यार्थी घेऊन येतात. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आईबापांच्या डोळ्यांत तो अधिक सरळ असतो : याने भाकरी मिळते का? कार्यकर्ते मित्र दुसऱ्या बाजूने विचारतात : हा तर भटा-शास्त्र्यांचा विषय, आपल्याला काय करायचा? दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांना बगल देऊन तत्त्वज्ञानाची थोरवी गाणे म्हणजे आपल्याच मुलांची फसवणूक होईल. म्हणून या लेखात हा विषय म्हणजे नेमके काय, तो कोणाचा, आणि तो कसा घ्यावा, एवढ्या तीन गोष्टींची मांडणी करण्याचा प्रयत्न आहे.

१

आपल्याकडे तत्त्वज्ञान म्हटले की डोळ्यांपुढे मठ, प्रवचन आणि मोक्ष उभे राहतात. गावात कोणी जास्त बोलू लागला तर "लई तत्त्वज्ञान सांगू नको" असे त्याला दटावतात. विद्यापीठात शिकवला जाणारा विषय हा नव्हे. तेथे कोणी उपदेश करीत नाही. कोणतेही विधान पुढे आले की ते कशाच्या आधारावर उभे आहे ते तपासायचे, आणि आधार कच्चा निघाला तर विधान कितीही थोराचे असो, बाजूला ठेवायचे, एवढाच त्याचा धंदा. या तपासणीच्या ढोबळमानाने चार शाखा आहेत. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणांनी पाहू.

पहिली तर्कशास्त्र. दिलेल्या कारणातून निष्कर्ष निघतो की नाही, हे पाहणारी शाखा. "ही चाल पूर्वापार आहे, म्हणून ती योग्य आहे." "आमच्या गावात जातिभेद नाही, कारण आम्ही तो कधी पाहिला नाही." ही वाक्ये आपण सभेत, पंचायतीत, शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकतो. ती ऐकून आपल्याला राग येतो; तर्कशास्त्र शिकलेल्याला रागाबरोबर त्यातला सांधा कोठे निखळला आहे तेही दाखवता येते. जुनेपणा आणि योग्यपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला एखादी गोष्ट कधी सोसावीच लागली नाही, त्याला ती न दिसणे हा ती नसल्याचा पुरावा होत नाही.

दुसरी ज्ञानमीमांसा. आपल्याला कळते ते कशावरून कळते? भारतीय परंपरेत यासाठी 'प्रमाण' हा शब्द आहे : प्रत्यक्ष, अनुमान, शब्द इत्यादी. 'शब्द' म्हणजे भरवशाच्या माणसाचे किंवा ग्रंथाचे वचन. येथेच खरा प्रश्न सुरू होतो. भरवशाचा कोण, हे कोणी ठरवले? जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे २०१४ साली आपल्या समाजातल्या एका शाळकरी मुलाचा खून झाला. खटल्यात साक्षीदार फुटले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. कायद्याच्या भाषेत हा पुराव्याचा अभाव झाला. पण माणसे डोळ्यांनी पाहिलेले का बोलू शकत नाहीत, कोणाच्या शब्दाला गावात वजन आहे आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न ज्ञानमीमांसेचाच आहे. ग्रंथांतला शब्दप्रामाण्याचा वाद आणि गावातला साक्षीचा प्रश्न यांची मुळे एकाच जमिनीत आहेत.

तिसरी सत्ताशास्त्र. खरोखर आहे काय, आणि केवळ मानलेले काय? विद्यार्थ्यांना ही शाखा सर्वांत कोरडी वाटते. पण न्याय-वैशेषिकांचा 'सामान्य' हा पदार्थ घ्या. सगळ्या गायींत असलेले गोत्व ही एक खरी, नित्य गोष्ट आहे असे ते मानतात आणि तिला शब्द वापरतात 'जाति'. कुमारिलभट्टासारखा मीमांसक याच वाटेने ब्राह्मणत्व हेही गोत्वासारखे खरे सामान्य आहे असा युक्तिवाद करतो. बौद्ध नैयायिक उलट म्हणतात की असे सामान्य जगात कोठेच नाही. आपण वेगळेपणा वगळून शब्द जोडतो, एवढेच. दीड हजार वर्षांपूर्वीची ही चर्चा वर्गात घटपटांची वाटते. पण तिच्या पोटात जो प्रश्न आहे तो आपला आहे : जात ही माणसाच्या अंगात असते, की माणसांनी माणसांवर ओढलेली ती रेघ आहे?

चौथी नीतिशास्त्र. योग्य काय आणि ते योग्य का? आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी लोणीला उभा राहिला. जिल्ह्याचे अर्थकारण त्याने पालटले. या साखरेसाठी पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीडमधून जे लोक ऊस तोडायला निघतात, त्यांना मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर पुढचा हंगाम बांधला गेला. या व्यवहाराला सगळे 'करार' म्हणतात. दोघांनी राजीखुशीने केला, मग अन्याय कोठे? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर संमती म्हणजे काय, उपाशी माणसाची संमती ही संमती असते काय, हे तपासावे लागते. एकूण लाभ वाढला म्हणजे कृती योग्य ठरली, असे उपयुक्ततावादी म्हणेल. माणसाला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही, असे कांट म्हणेल. वर्गात मी या दोन भूमिका जेव्हा उचलीच्या उदाहरणावर शिकवतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुले पुढे सरकतात. कांट त्यांना परका राहत नाही. त्यांच्या आईबापांच्या हिशेबाच्या वहीत तो येऊन बसतो.

२

आता कार्यकर्त्या मित्रांचा आक्षेप. हा विषय ब्राह्मणी आहे, असे ते म्हणतात. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्य उघडा. सर्व काही एकच ब्रह्म आहे असा सिद्धान्त ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात शूद्राला वेदाध्ययनाचा आणि त्यातून मिळणाऱ्या विद्येचा अधिकार नाही, हेही सिद्ध केले आहे. पश्चिमेकडे पाहिले तर ॲरिस्टॉटल 'राजनीती'त काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे मांडतो. प्लेटो आपल्या आदर्श राज्यात लोकांना सोन्या-रुप्या-लोखंडाच्या जन्मकथेवर विश्वास ठेवायला लावतो. जगातल्या मोठ्या बुद्धीने मोठ्या अन्यायाची वकिली केली आहे, याचा पुरावा म्हणून तत्त्वज्ञानाच्या इतिहासाकडे बोट दाखवता येते.

परंतु येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, या वकिलीला उत्तर देणारेही त्याच इतिहासात आहेत. चार्वाकांनी वेदाचे प्रामाण्य नाकारले. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. ग्रंथाच्या शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला नाही. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने तर जातीचा गर्व हे बुद्धी मंद झाल्याचे एक लक्षण म्हणून सांगितले आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या 'वज्रसूची'त ब्राह्मण्य जन्माने, देहाने, ज्ञानाने किंवा कर्माने सिद्ध होते काय, याची एकेक करून उलटतपासणी आहे. संत बहिणाबाईंनी ती मराठीत आणली. तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ साली 'जातिभेद विवेकसार' हे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीच्या प्रकाशनात जोतीरावांचा हात होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकात आपल्या चळवळीची पहिली पाटी कोरली जात होती तेव्हा युक्तिवादाचे हत्यार आपल्या लोकांच्या हातात होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शत्रूचे हत्यार म्हणून आपण तत्त्वज्ञानापासून दूर राहिलो, तर ते हत्यार नष्ट होत नाही; ते ज्याच्या हातात होते त्याच्याच हातात राहते. शंकराचार्यांचे ते प्रकरण अभ्यासक्रमात पुढे मांडायचे की मुकाट्याने वगळायचे, हे शेवटी वर्गात उभा असलेला शिक्षक आणि प्रश्न काढणारी समिती ठरवते. मी विद्यार्थी असताना अद्वैत वेदान्त शिकलो, त्यात हे प्रकरण आले नाही. ते मला ग्रंथालयात सापडले. आज मी अद्वैत शिकवताना सिद्धान्त पूर्ण न्यायाने मांडतो आणि नंतर ते प्रकरणही मांडतो. एवढा फरक पडायला आपल्यातला एक माणूस त्या खुर्चीत बसावा लागतो.

३

बाबासाहेबांनी काय केले, हे आता पाहू. कारण 'मेजर की मायनर' या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर त्यांच्या विद्यार्थिदशेत आहे.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ पर्यंतच्या तीन वर्षांत त्यांनी कोणते विषय घेतले याची विद्यापीठाच्या दप्तरात नोंद आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. एकूण साठ. मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१५ ची एम. ए. त्यातलीच. तत्त्वज्ञान जोडीला.

साठातले हे पाच लहान दिसतात. पण त्या पाचांत जॉन ड्यूईची व्याख्याने होती. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार ड्यूईने १९१६ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मांडला. हा विचार बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर वापरला, आणि जातीच्या प्रश्नावर आणून त्याला असे वळण दिले की जे खुद्द ड्यूईला सुचण्याचे कारण नव्हते. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात जुन्यातले काय जपावे आणि काय टाकावे या मुद्द्यावर ते ड्यूईचे म्हणणे पुढे ठेवतात आणि ते आपले शिक्षक होते, त्यांचे आपल्यावर ऋण आहे, हे सांगतात. त्याच भाषणात धर्माचे 'तत्त्व' आणि धर्माचे 'नियम' यांतला भेद आहे. नियम सांगतो काय करायचे. तत्त्व सांगते कशाने तोलायचे. हा भेद करणे हे नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे, आणि सबंध भाषणाचा कणा तोच आहे. १ जून १९५२ रोजी ड्यूई वारले. त्यानंतर चारच दिवसांनी, ५ जूनला, त्याच कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

पुढचे लेखन पाहा. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात छापलेल्या 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' या हस्तलिखितात ते आधी कसोटी ठरवतात, न्याय आणि उपयुक्तता. मग त्या कसोटीवर धर्माला उभे करतात. शिवीगाळ नाही, आधी माप, मग मोजणी. १९५७ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात ते चार प्रश्न उपस्थित करतात. सिद्धार्थाने घर का सोडले याची रूढ कथा पटते काय? चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीतलीच आहेत काय? आत्मा नाही म्हटल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालायचा? भिक्खू कशासाठी? आपल्याच स्वीकारलेल्या धम्माला हे प्रश्न विचारणारा माणूस केवळ कायदेपंडित नव्हे.

मला हा विषय घ्यावासा वाटला तो याच ग्रंथामुळे. आमच्या वस्तीवरच्या विहारात वर्षावासात ग्रंथाचे वाचन चाले. एका संध्याकाळी एका म्हातारीने विचारले, "आत्माच नाही तर पुन्हा जन्मतं कोण?" वाचणारे गुरुजी थांबले. कोणाजवळ उत्तर नव्हते, आणि वाचन पुढे सुरू झाले. आजी निरक्षर होती, पण तिने विचारलेला प्रश्न बाबासाहेबांच्या प्रास्ताविकातला तिसरा प्रश्न होता, आणि नागसेन-मिलिंदाच्या संवादापासून आजवर त्यावर विचार झालेला आहे. तो विचार शिकून कोणीतरी त्या विहारात परत यायला हवे होते. आपल्या समाजाने १९५६ साली एक तत्त्वज्ञान स्वीकारले. ते समजावून सांगणारी माणसे आपण किती तयार केली, हा हिशेब आपण मांडत नाही.

४

आता व्यवहाराकडे येऊ. पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत बी. ए.चा विद्यार्थी पहिल्या वर्षाला सामान्य पेपर घेई, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला एक विषय 'स्पेशल' व बाकीचे 'जनरल' असत. मी त्या रचनेतला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानंतर ही रचना बदलली. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. आता मुख्य विषयाला मेजर, जोडविषयाला मायनर म्हणतात, आणि मोजमाप श्रेयांकांत होते. साधारण पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांतले ६० मेजरचे आणि २४ मायनरचे. राज्याच्या आणि विद्यापीठाच्या नियमांत आकडे थोडे मागेपुढे होतात, म्हणून आपल्या महाविद्यालयाची पुस्तिका पाहावी.

या रचनेतली एक गोष्ट आपल्या मुलांना फार थोड्यांनी सांगितलेली असते. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्याप्रमाणे मेजर किंवा मायनर, दोन्हीपैकी कोणत्याही विषयात पुढे एम. ए. करता येते. म्हणजे मायनर घेतल्याने दार बंद होत नाही. पहिल्या वर्षाला भीतीपोटी नाकारलेला विषय जन्मभर नाकारला जातो. मायनर म्हणून घेतलेला विषय तीन वर्षे पारखून पाहता येतो.

माझा सल्ला म्हणून असा. घरची परिस्थिती अशी असेल की पदवी हातात पडताच कमाई सुरू व्हायला हवी, तर मेजर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इंग्रजी किंवा इतिहास असा घ्यावा, ज्याला शाळांत, कार्यालयांत, परीक्षांत मागणी आहे. आणि मायनर तत्त्वज्ञान घ्यावे. बाबासाहेबांनी हेच केले. ज्याला संशोधनाची, अध्यापनाची ओढ आहे, ज्याला घरून किंवा शिष्यवृत्तीतून पाच-सात वर्षांची सवड मिळू शकते, त्याने मेजर घ्यावे आणि मायनर म्हणून एखादी भाषा किंवा समाजशास्त्र घ्यावे. पाली मिळत असेल तर फारच उत्तम. ज्याला केवळ सोपा पेपर हवा आहे, त्याने दोन्ही घेऊ नये. तत्त्वज्ञान पाठ करून पास होता येते, पण पाठ करून ते येत नाही.

५

भाकरीचा प्रश्न उरतो. याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि भरल्या जातात त्याहून थोड्या. मी स्वतः नेट उत्तीर्ण होऊन अनेक वर्षे तासिका तत्त्वावर काम केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसत म्हणून मानधनही नसे. त्या महिन्यांत मी भावाबरोबर मंडप बांधायला जात असे. एकट्या या विषयाच्या भरवशावर घर चालवीन असे म्हणणाऱ्याला मी सावध करतो.

पण भाकरीचा हिशेब आणखी एका बाजूने मांडता येतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. २५० गुणांचे दोन पेपर, आणि ते मराठीत लिहिता येतात. शिवाय २०१३ पासून सर्वच उमेदवारांना नीतिविषयक २५० गुणांचा सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर आहे. कायद्याकडे जाणाऱ्याला तर्कशास्त्र आणि न्यायाच्या उपपत्ती पहिल्या दिवसापासून लागतात. पत्रकारिता, सामाजिक काम, शिक्षकी, यांत लिहिलेला कागद नीट वाचणे आणि आपले म्हणणे क्रमाने मांडणे यालाच पगार मिळतो. ही कसबे मायनरच्या तीन वर्षांतही अंगी येतात. अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवायला गेलेला आपला कार्यकर्ता घडलेली घटना, ऐकलेली गोष्ट आणि काढलेला निष्कर्ष वेगवेगळे लिहू शकला, तर त्या फिर्यादीला न्यायालयात पाय राहतात. हेही तर्कशास्त्रच आहे.

आणि सवडीबद्दल एक शब्द. तत्त्वज्ञानाला सवड लागते असे ॲरिस्टॉटलपासून सगळे सांगत आले, आणि ती सवड दुसऱ्याच्या श्रमावर उभी असते हे मात्र सांगायचे राहिले. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव असे नेते कैदेत होते. नरेंद्र देवांनी तेथे 'अभिधर्मकोशा'सारख्या अवघड बौद्ध ग्रंथावर काम केले. तुरुंगाचीही अभ्यासिका करता येते, ती पुस्तके वाचण्याची तयारी आधी झालेली असेल तर. आपल्या पूर्वजांना किल्ल्याच्या भिंती बांधण्याचे, वेशी राखण्याचे काम होते, सवड नव्हती. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि तीन वर्षांची पदवी ही आपल्या पिढ्यांना मिळालेली पहिली सवड आहे. ती केवळ नोकरीच्या रांगेत उभे राहण्यात घालवायची काय, एवढा विचार प्रत्येकाने करावा.

६

भाषेची अडचण खरी आहे. 'अनुभवातीत', 'व्याप्ती', 'प्रामाण्य' असे शब्द घरात कधी ऐकलेले नसतात. मराठी पुस्तकांची भाषा संस्कृतच्या ओझ्याने वाकलेली, आणि इंग्रजी पुस्तक उघडायची भीती. पण मराठीला हा विषय पेलत नाही असे कोणी सांगू नये. याच जिल्ह्यात नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरांनी संस्कृतातला अवघड विचार मराठीत आणला. भाषेचे दार तेव्हा उघडले. चोखोबांसाठी देवळाची पायरी मात्र उघडली नाही. आपल्याला या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून ती भाषा वापरायची आहे.

साधने आहेत. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ साली तीन खंडांत निघाला. तो जुन्या ग्रंथालयांत धूळ खात असतो, मागून घ्यावा. श्रीनिवास दीक्षितांची भारतीय तत्त्वज्ञान आणि नीतिमीमांसा यांवरची पुस्तके विद्यार्थ्यांना उपयोगी पडतात. रावसाहेब कसबे यांचे 'आंबेडकर आणि मार्क्स' (१९८५), आ. ह. साळुंखे यांचे चार्वाकावरील लेखन, शरद पाटील यांनी बौद्ध तर्कशास्त्राकडे वेधलेले लक्ष, हे आपल्या बाजूने झालेले काम आहे. वाचण्याची एक रीत मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. प्रत्येक अवघड शब्दापुढे वहीत आपल्या बोलीतले एक वाक्य लिहायचे. 'व्याप्ती' म्हणजे जिथे धूर तिथे विस्तव, चुकायचे नाही. असे शंभर शब्द झाले की पुस्तक बोलू लागते.

७

शेवटी, हा प्रश्न एकेका विद्यार्थ्यापुरता नाही. महाविद्यालयात विषय टिकतो तो विद्यार्थिसंख्येवर. संख्या घटली की तास घटतात. तास घटले की जागा निवृत्तीनंतर भरली जात नाही. मग एक दिवस पुस्तिकेतून विषयाचे नाव जाते. मोठ्या शहरांतल्या जुन्या, संपन्न महाविद्यालयांत तो राहील. तालुक्याच्या गावातून तो जाईल. म्हणजे ज्यांच्याकडे तो शतकानुशतके होता त्यांच्याकडे तो राहील, आणि आपल्या मुलांना तो पुन्हा ऐकून माहीत होईल.

यासाठी फार मोठे आंदोलन नको. कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांनी बारावीच्या मुलांना एकदा या विषयाची ओळख करून द्यावी. कार्यकर्त्यांनी जूनमध्ये प्रवेशाला मदत करताना मायनरचा रकाना कोरा किंवा कारकुनाच्या मर्जीवर सोडू नये. विहारातल्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तेथे बसवावे. तो चुकेल, अडेल, पुढच्या आठवड्यात वाचून येईल. त्याचा अभ्यास असाच पक्का होईल, आणि त्या म्हातारीच्या प्रश्नासारखे प्रश्न वाचनाच्या ओघात वाहून जाणार नाहीत.

बाबासाहेबांनी साठातले पाच अभ्यासक्रम या विषयाला दिले. आपण आपल्या मुलांना एकशेवीसांतले चोवीस श्रेयांक द्यायला सांगत आहोत. परवडेल एवढेच मागणे आहे.